आधी वजन, मग वेग: ८० किलोवरून भरतीच्या मैदानापर्यंत सहा महिन्यांची तयारी

बारावी झाली, अग्निवीरचा फॉर्म भरायचाय, उंची १६८ आणि काट्यावर ८०. अशा मुलाला गावात पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे ‘उद्यापासून पळायला लाग’. सल्ला मनापासूनचा असतो, पण त्याचा क्रम चुकलेला असतो. पळताना दर पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो आणि एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. ८० किलोचा, सवय नसलेला मुलगा डांबरीवर रोज पाच किलोमीटर पळायला लागला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याची नडगी दुखायला लागते. मग महिनाभर घरी बसणं, वजन आणखी दोन किलो वर आणि ‘माझ्यानं होत नाही’ हा समज पक्का.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी खाणं आणि चालणं, त्यातून वजन खाली. त्याच काळात पाय, पाठ आणि पकड तयार करायची. वेगाचं काम शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. यासाठी २६ आठवडे हातात हवेत. वजन ७०-७२ असेल तर चार महिन्यांतही जमतं. भरतीची तारीख दोन महिन्यांवर आली असेल आणि वजन ८० असेल, तर ही भरती अनुभवासाठी द्या आणि तयारी पुढच्या वर्षीची धरा.

मैदानात नेमकं काय मागतात

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सेना भरती कार्यालयाकडे येतात. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि त्यात पास झालेल्यांनाच मैदानाला बोलावतात. म्हणजे अभ्यास सोडून नुसतं पळणाऱ्याला ग्राउंड बघायलाही मिळत नाही. दिवसातले दोन तास गणित, विज्ञान आणि सामान्य ज्ञानाला बांधून ठेवा.

जनरल ड्युटीसाठी (म्हणजे साध्या शिपायाच्या जागेसाठी) महाराष्ट्रातल्या उमेदवाराला उंची १६८ सेंमी, छाती ७७ आणि फुगवून आणखी ५ लागते. सैनिक किंवा माजी सैनिकाच्या मुलाला मोजमापात थोडी सवलत असते. उंचीत ती २ सेंमीची आहे. आपल्याकडं ही सवलत लागू होणारी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळं वडिलांचे कागद आधीच काढून ठेवा. वजन उंची आणि वयाच्या प्रमाणात बघतात.

मैदानी चाचणी १०० गुणांची असते. १.६ किलोमीटर, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘सोळाशे’, साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण ६० गुण आणि ५:४५ पर्यंत ४८. २०२५ च्या भरतीत याखाली आणखी दोन गट आले: सहा मिनिटांपर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४. बीमला (दांड्याला लटकून काढायचे पुलअप्स) १० काढले की ४० गुण, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१ आणि ६ ला १६. नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स (वाकड्यातिकड्या अरुंद फळ्यांवरून तोल सांभाळत चालणं) यांना गुण नाहीत, पण पार करावेच लागतात. मुलींना मिलिटरी पोलिसात जायचं असेल तर उंची १६२, आणि बीमऐवजी दहा फूट लांब उडी व तीन फूट उंच उडी असते. त्यांची सोळाशेची वेळ वेगळी असते, पण खाण्याचं आणि टप्प्यांचं गणित हेच राहतं. दर वर्षी अधिसूचना आली की ‘जॉइन इंडियन आर्मी’च्या अधिकृत संकेतस्थळावरची मूळ प्रत वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

६:१५ ची मुदत बघून सैल पडू नका. २४ आणि ६० मधला ३६ गुणांचा फरक भरून काढायला दुसरी जागा नाही.

वजनाचं लक्ष्य काढायला सोपं गणित आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा: १.६८ × १.६८ = २.८२. त्याला २२ नं (निरोगी वजनाचा बीएमआय आकडा) गुणलं की ६२ किलो येतात, २३ नं गुणलं की ६५. या उंचीच्या मुलानं ६२ ते ६४ डोळ्यांसमोर ठेवावं. हे फक्त काट्यासाठी नाही. तोच ट्रॅक्टर, पण ट्रॉलीतला ऊस कमी झाला की चढ आपोआप सोपा होतो. पंधरा किलो उतरलेला मुलगा वेगाचा एकही खास सराव न करता सोळाशेत खूप पुढं सरकलेला असतो. आणि बीमवर तर आपलंच वजन आपल्याला उचलायचं असतं.

सुरू करण्याआधी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा लॅबमध्ये हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि उपाशीपोटीची साखर तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही सराव करा, सोळाशेच्या तिसऱ्या राउंडला (४०० मीटरचा एक राउंड) पाय जड होणार. थायरॉइड बिघडलेलं असेल तर वजन हटत नाही आणि पोरगा स्वतःला दोष देत बसतो. घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा त्रास झाला असेल, पळताना छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर डॉक्टरांनी हृदय तपासल्याशिवाय पळू नका.

एक वही करा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता, एकाच काट्यावर वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. बेंबीच्या रेषेत कंबर दर रविवारी मोजा. रोजच्या आकड्यावर जीव टांगू नका. काल रात्री खारट खाल्लं तरी काटा एक किलो वर दाखवतो.

खाणं: सगळ्यात जास्त काम इथं आहे

१८ वर्षांचा, १६८ सेंमी उंचीचा, ८० किलोचा आणि रोज तास-दीड तास व्यायाम करणारा मुलगा दिवसाला साधारण २८०० कॅलरी खर्च करतो. त्याला २१०० ते २२०० वर आणायचं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज सहाशेची तूट पडली तर आठवड्याला अर्धा किलो किंवा थोडं जास्त उतरतं. याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग वजन उतरूनही बीम वाढत नाही.

स्नायू टिकवायचे तर प्रथिनं हवीत: लक्ष्य-वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला शंभर-एकशे पाच ग्रॅम. हे सगळं आपल्याच घरच्या ताटात बसतं:

सकाळी पाचला पाणी आणि एक केळं. व्यायामानंतर साडेसातला तीन उकडलेली अंडी, एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. दुपारी एकला दोन भाकऱ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, काकडी-कांदा-गाजर आणि पेलाभर ताक. संध्याकाळी पाचला ४० ग्रॅम सालीसकट फुटाणे. रात्री आठच्या आत एक भाकरी, भाजी आणि १५० ग्रॅम (कच्चं वजन) चिकन. झोपताना पाव लिटर गाईचं दूध, साखर न घालता. दिवसभराच्या स्वयंपाकात तुमच्या वाट्याला येणारं तेल चार चहाचे चमचे, म्हणजे २० मिली.

भाकरी म्हणजे ६० ग्रॅम पिठाची. एकदा पीठ काट्यावर मोजून भाकरी थापायला सांगा, म्हणजे आईच्याही हाताला अंदाज बसेल. घरातली सवयीची भाकरी शंभर ग्रॅमची निघाली तर ‘चारच भाकऱ्या खातो’ या बोलण्यात साडेपाचशे कॅलरींची चूक लपलेली असते.

चिकन नको असेल तर ४० ग्रॅम सोयाबीन वड्या, त्यातून २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडीही चालत नसतील तर सकाळी १०० ग्रॅम घरी फाडलेल्या गाईच्या दुधाचं पनीर आणि संध्याकाळी फुटाण्यांबरोबर वाटीभर दही. हुलग्याचं माडगं, मूग, चवळी आलटून पालटून करा. नुसतं वरणाचं पाणी पिऊन प्रथिनं मिळत नाहीत. उसळ चमच्यानं खाण्याइतकी घट्ट हवी.

आता वजन कुठं अडतं ते बघू. पहिली जागा म्हणजे म्हशीचं दूध. फौजी व्हायचं म्हणून घरचे रोज लिटरभर निरसं दूध देतात, वर चार केळी आणि गूळ. लिटरभर म्हशीच्या दुधात सुमारे हजार कॅलरी असतात. बारीक मुलासाठी हे वरदान आहे, तुमच्यासाठी नाही. आजीला नीट समजावून सांगा, भांडू नका.

दुसरी जागा शेंगदाणे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅमला १७० कॅलरी. शेंगदाण्याची चटणी, भाजीत कूट, वर तेलाची धार आणि हातात भडंगाचा पुडा असं एका दिवसात झालं की फुटाण्यांनी वाचवलेलं सगळं गेलं. भडंग हलकं वाटतं, पण ते तेल आणि शेंगदाण्यांवरच उभं असतं. तिसरी जागा चहा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर. गळीत हंगामात रसवंतीवरचा एक मोठा ग्लास म्हणजे आणखी ३०-४० ग्रॅम.

चौथी जागा उपवास. सोमवारी, गुरुवारी, एकादशीला दिवसभर उपाशी राहून साबुदाण्याची खिचडी खाल्ली की पोटात फक्त पिठूळ पदार्थ, तेल आणि कूट जातं, प्रथिनं जवळजवळ नाहीत. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, राजगिरा आणि फळं घ्या आणि त्या दिवशी जोराचा सराव ठेवू नका. गावची यात्रा, लग्नं, मटणाची पंगत हे टळत नाही आणि टाळूही नका. त्या जेवणात पीस घ्या, तर्री वरचेवर घेऊ नका, भात एकदाच घ्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या. भरपाई म्हणून उपाशी राहून दहा किलोमीटर पळणं ही दुसरी चूक होईल.

पहिल्या दोन आठवड्यांत दोन-अडीच किलो झटकन उतरतील. त्यातलं बरंच पाणी असतं. तिसऱ्या आठवड्यापासूनचा आकडा खरा. सरासरी सलग तीन आठवडे हलली नाही तर रात्रीची भाकरी काढा किंवा रोज वीस मिनिटं चालणं वाढवा, दोन्ही एकदम नको. उलट आठवड्याला किलोच्या वर उतरत असेल, झोप लागत नसेल आणि पळण्याची वेळ मागं जात असेल, तर दुपारची एक भाकरी वाढवा.

चरबी जाळणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइडची इंजेक्शनं, लघवी होण्याच्या गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नका. लघवीच्या गोळीनं उतरतं ते पाणी, आणि पाणी उतरलेलं शरीर सोळाशेत पेटके येऊन पडतं. प्लास्टिकचं जॅकेट घालून पळण्याचंही तेच. जत-आटपाडीच्या एप्रिलमध्ये तसं पळणं जीवावर बेतू शकतं.

पहिला टप्पा: आठवडे १ ते ८, वजन ८० वरून ७३-७४

आठवड्यातले पाच दिवस चालणं. पहिल्या आठवड्यात ४५ मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत सव्वा तासापर्यंत. चाल अशी ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्याचा गाडीरस्ता किंवा यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा चढा. मिरजेकडच्या मुलांना दंडोबाचा डोंगर आहे. चढावर सांध्यांना मार न बसता दम वाढतो. उतरताना मात्र पळू नका, गुडघे उतारावरच बिघडतात.

चौथ्या आठवड्यापासून दोन दिवस चालण्यात पळणं मिसळा: एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. आठव्या आठवड्यापर्यंत तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, सात वेळा. जमीन मातीची किंवा मुरुमाची हवी. कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता किंवा शाळेचं मैदान उत्तम. पावसाळ्यात चिखल झाला तर डांबरीवर न पळता त्या दिवशी जिना चढा आणि ताकदीचं काम करा.

ताकदीचे तीन दिवस ठेवा: जोर, बैठका, पोटऱ्यांसाठी पायरीवर टाचा उचलणं (१५ च्या तीन खेपा), प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून राहणं) आणि बीमचा सराव. बैठकांची सुरुवात २० च्या तीन खेपांनी करा. तालमीचा वारसा आपल्या भागात मोठा आहे, पण तालमीतला पैलवान वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाचशे बैठका मारतो. नव्या मुलानं पहिल्याच दिवशी पैजेवर पाचशे मारल्या तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

दुसरा टप्पा: आठवडे ९ ते १८, वजन ६७ पर्यंत

आता पळणं आठवड्यातले चार दिवस. दोन दिवस सावकाश ४ ते ५ किलोमीटर. रविवारी एक लांब पळी, ५ पासून हळूहळू ८ किलोमीटरपर्यंत. एक दिवस तुकड्यांचा: ४०० मीटर चार वेळा, प्रत्येकी १०० सेकंदांच्या आसपास, मध्ये दोन मिनिटं चालत विश्रांती. दर चौथ्या आठवड्यात सगळं अंतर एक तृतीयांशानं कमी करा. हाड पळण्याच्या भारानं घट्ट होतं ते विश्रांतीच्या दिवसांत.

सावकाश म्हणजे खरंच सावकाश. गटात पळणारी पोरं रोजच एकमेकांशी शर्यत लावतात. मग एकही दिवस सावकाश होत नाही आणि एकही दिवस पुरा वेगवान होत नाही. ज्या दिवशी सावकाश ठरलंय त्या दिवशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.

मैदान मोजून घ्या. मोबाइलचं अ‍ॅप छोट्या मैदानावर गोल फिरताना अंतर चुकवतं. मोजपट्टी घेऊन २०० मीटरची फेरी चुन्यानं आखा. सोळाशे म्हणजे तिच्या आठ फेऱ्या.

बीम

गावोगावी सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते आणि ती आपण आपलीच करतो. अर्धवट हात वाकवून, पाय झाडून काढलेले बारा पुलअप्स मैदानात चारसुद्धा भरत नाहीत. हात पूर्ण सरळ, लटकून स्थिर, हनुवटी दांड्याच्या वर, पुन्हा हात पूर्ण सरळ: हा एक. साताऱ्यात निवृत्त हवालदार-सुभेदार गावोगावी आहेत. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी तर याच जिल्ह्यातलं. अशा कुणा काकांना आठवड्यातून एकदा समोर उभं करा आणि मोजायला सांगा. ते अर्धा मोजणार नाहीत.

शेतात दोन खांबांवर आठ फूट उंचीला सव्वा इंची जीआय पाइप पक्का बसवा. ज्याला एकही निघत नाही त्यानं या क्रमानं जावं. आधी नुसतं लटकणं, ३० सेकंदांच्या चार खेपा, ते जमलं की ६० सेकंद. मग कंबरेएवढ्या दांड्याखाली आडवं होऊन, टाचा जमिनीवर ठेवून छाती दांड्याला लावणं, दहाच्या तीन खेपा. त्यानंतर स्टुलावर चढून हनुवटी दांड्यावर नेऊन, पाच सेकंद मोजत खाली येणं, पाच-पाचच्या चार खेपा. हा शेवटचा प्रकार खरी ताकद देतो, पण पोरं त्याला कंटाळतात. मोटारसायकलची जुनी ट्यूब दांड्याला अडकवून त्यात पाय ठेवला तर ती वर जायला मदत करते. मात्र ट्यूबला चिरा नाहीत हे रोज बघा.

पहिला स्वच्छ पुलअप निघाला की दिवसभरात थोडे थोडे काढा: तीन निघत असतील तर दोन-दोनच्या सहा-सात खेपा, आठवड्यातले चार दिवस. दर वेळी दम संपेपर्यंत लटकलात तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं बसतं आणि ते महिनाभर जात नाही. तळवे पुढं केलेली पकड अवघड, म्हणून सराव तिचाच ठेवा. ती जमली की दुसरी सोपी जाते. सोळाव्या आठवड्यापासून बीम नेहमी पळून झाल्यावर काढा, कारण मैदानातही तसंच होणार आहे. ताजेपणी १३-१४ निघणाऱ्यालाच पळून आल्यावर १० निघतात.

तिसरा टप्पा: आठवडे १९ ते २६, वजन ६४ आणि वेग

शेवटच्या आठवड्यांत वजन फारसं उतरवायचं नाही. तूट निम्मी करा, एक भाकरी परत आणा. वेगाचे दिवस आठवड्यातून दोन, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर:

एक दिवस ४०० मीटर सहा वेळा, ८४ सेकंदांपासून सुरू करून ८१ पर्यंत, मध्ये दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी एका आठवड्यात २०० मीटर दहा वेळा ३८-४० सेकंदांत, पुढच्या आठवड्यात ८०० मीटर तीन वेळा २:४५ ते २:५० मध्ये, चार मिनिटं विश्रांती घेऊन. बाकी सावकाश पळणं चालूच. दर दोन आठवड्यांनी पूर्ण सोळाशे घड्याळावर.

५:३० म्हणजे ४०० च्या एका राउंडला साडेब्याऐंशी सेकंद. पण सरावात लक्ष्य ५:२० चं ठेवा, त्याला कारण आहे. मैदानात घोळक्यात पळावं लागतं. आतल्या रेषेपासून एक मीटर बाहेरून पळालात तर दर राउंडला सहा मीटरच्या वर जास्त पळता. चार राउंडमध्ये पंचवीस मीटर, म्हणजे पाच सेकंद गेले. सुरुवातीची रेटारेटी वेगळीच.

दम वाटून घ्या: ७९, ८१, ८१, ७९. बहुतेक मुलं पहिला राउंड ७० मध्ये काढतात. शिट्टी वाजली, सगळे सुटले, आपणही सुटलो. तिसऱ्या राउंडला मांड्या भरून येतात आणि तो राउंड ९५ ला जातो. पहिल्या शंभर मीटरला मागं पडल्यासारखं वाटलं तरी चालेल. दुसऱ्या राउंडपासून एकेक जण मागं पडायला लागतो.

पोलिस भरतीही देणाऱ्यांनी १०० मीटर आणि गोळाफेकीचा सराव याच टप्प्यात वेगाच्या दिवशी घ्यावा, वेगळा दिवस काढू नये.

खड्डा आणि झिगझॅग आठवड्यातून दोनदा पुरेत. नांगरलेल्या भुसभुशीत जमिनीत दोन दोऱ्या टाका, सहा फुटांपासून सुरू करून दहापर्यंत जा. पाय कडेवर नेमका पडावा म्हणून धाव दहा-बारा पावलांची मोजून ठरवा. उडी पुढं मारण्याआधी थोडी वर मारा. झिगझॅगसाठी चार इंची फळ्या वाकड्यातिकड्या जोडा, नजर पायाकडं न ठेवता दोन पावलं पुढं ठेवा. दोन्ही थकल्यावरच करायचं.

नडगी आणि बूट

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं, जे पळायला लागल्यावर कमी होतं, ते बहुधा स्नायूंच्या ओढीचं असतं. आठवडाभर अंतर निम्मं करा, बर्फ लावा, पोटऱ्या ताणा. पण एका बोटानं दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, रात्री ठणकत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसतोच असं नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि चार ते सहा आठवडे पळणं पूर्ण बंद. या काळात पोहणं, सायकल आणि बीम चालू राहू शकतं.

बूट साधे रनिंगचे, अंगठ्यापुढं अर्धा इंच जागा राहणारे. सहाशे-आठशे किलोमीटरनंतर तळ वरून चांगला दिसला तरी आतून बसलेला असतो. नवे बूट मैदानाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

मेडिकल: हे आधीच बघून ठेवा

मैदान मारून मेडिकलला मागं येणारी मुलं बघून जीव हळहळतो, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी सहा महिने आधी कळल्या असत्या. जाड मुलांची छाती पुढं आलेली असते. ती नुसती चरबी असेल तर वजनाबरोबर उतरते. स्तनाग्रामागं गाठ लागत असेल तर डॉक्टर ज्याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात ते असू शकतं आणि ते व्यायामानं जात नाही. पहिल्याच महिन्यात सर्जनला दाखवा, म्हणजे उपचाराला वेळ राहील. मांड्या जाड असल्यानं गुडघे एकमेकांना टेकतात. वजन उतरल्यावर टाचा जुळवून उभं राहून पुन्हा बघा. सपाट पाय, पायावरच्या फुगलेल्या शिरा, अंडकोषातलं पाणी, मूळव्याध, रंग ओळखण्यातला दोष, कानाच्या पडद्याला भोक, किडके दात हे सगळं एकदा तपासून घ्या. कानातला मळ आठवडाभर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका. गोंदवून घेण्याचा विचार असेल तर तो सोडा.

अपात्र ठरवलं तर त्याच वेळी कारण लेखी मिळतं आणि दिलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. ती मुदत आणि रुग्णालयाचं नाव कागदावरच असतं, तिथल्या तिथं वाचून घ्या. या वेळी बाहेर ‘मी पास करून देतो’ म्हणणारा भेटेल. त्याला एक रुपयाही देऊ नका.

शेवटचे दहा दिवस

अंतर निम्म्यावर आणा, वेग तोच ठेवा. शेवटची जोराची पळी सहा दिवस आधी. बीम तीन दिवस आधी बंद. झोप आठ तास. पहाटे चारला उठायचं तर रात्री आठला अंथरुणात असायला हवं. मैदानाच्या गावी आदल्या दुपारपर्यंत पोहोचा, रात्रभर एसटीत उभं राहून जाऊ नका. रात्री बाहेरची मिसळ नको, घरून नेलेली भाकरी किंवा चपाती, दही आणि केळी बरी. पळण्याच्या दीड-दोन तास आधी एक केळं आणि पेलाभर पाणी, नंतर फक्त घोट घोट. रांगेत तासन्‌तास बसवलं जाईल, अंग गार पडेल. आपली बॅच उठवली की जागच्या जागी पाच मिनिटं पाय उचला, चार-पाच छोट्या धावा घ्या, नाडे दुहेरी गाठ मारून बांधा आणि घोळक्यात पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, आतल्या बाजूला उभे राहा.